तळटिपेत ठेवलेला देश

पानाच्या वरच्या भागात 'द वाइल्ड आयरिश गर्ल' या जुन्या कादंबरीच्या जेमतेम काही ओळी. त्यांच्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात तळटीप. पान उलटलं तर तीच पुढे चालू. आणखी एक उलटलं, तरी तीच. वरच्या गोष्टीत एक इंग्रज तरुण हार्पच्या सुरांत गुंतलेला, आणि खाली, त्याच्या प्रेमकथेशी काही देणंघेणं नसलेला, एक खराखुरा म्हातारा. नाव डेनिस हॅम्पसन. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर मॅगिलिगनला राहणारा हार्पवादक. वय, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, शंभरीच्या पुष्कळ पुढे गेलेलं.

१८०५ साली जॉर्ज सॅम्पसन नावाचे एक पाद्री त्याला भेटून आले आणि त्यांनी जे पाहिलं ते पत्रात लिहून कळवलं. कादंबरीच्या लेखिकेने, लेडी मॉर्गनने, ते पत्र तळटिपेत छापून टाकलं. पाद्री झोपडीत शिरले तेव्हा म्हातारा विस्तवाजवळच्या बिछान्यावर उताणा पडला होता. तोंडावरून पांघरूण ओढलेलं, आणि त्याच पांघरुणात शेजारी त्याचं हार्प. तिसऱ्या वर्षी देवी येऊन डोळे गेलेले. डोक्यामागे एवढं मोठं आवाळू, की लोक त्याला दोन डोक्यांचा माणूस म्हणायचे. वाढवलेल्या नखांनी तारा छेडायची जुनी रीत होती, ती पाळणारा तो जवळजवळ शेवटचा. १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरला तेव्हा तो तिथे वाजवून आला होता. या पत्रानंतर दोनच वर्षांत, १८०७ मध्ये, तो गेला.

त्याचं ते हार्प मात्र अजून आहे, डब्लिनमध्ये, गिनेस कंपनीच्या संग्रहात. त्यावर काही ओळी कोरलेल्या आहेत. लाकूडच बोलतंय: नोहाच्या काळात मी हिरवं होतो, प्रलयानंतर कुणाच्या दृष्टीला पडलो नाही, सतराशे दोन साली कॉर्मक ओ'केलीला जमिनीखाली सापडलो.

हे सगळं मी फोनवर वाचत होते, मांडीवर आठ आठवड्यांची नात घेऊन. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने डब्लिनला गेले होते. बाहेर पाऊस, पण आपल्यासारखा कोसळणारा नाही, दिवसभर नुसता भुरभुरणारा. पाऊस थांबला की बाबागाडी घेऊन बाहेर पडायचं. एकदा अशीच किल्डेअर स्ट्रीटवर गेले. तिथे त्यांचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, वस्तुसंग्रहालय आहे, संसदही तिथेच. घरी आल्यावर त्या रस्त्याबद्दल वाचताना कळलं, की सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी जन्मलेली ही लेखिका, लेडी मॉर्गन, याच रस्त्यावर वीसेक वर्षं राहत होती. आणि तिची एक कादंबरी गोव्यात घडते.

आमचं मूळ गोव्यातलं. मग मला ते सोडवेना.

लेडी मॉर्गन हे लग्नानंतरचं नाव. आधीची ती सिडनी ओवेन्सन. जन्मसाल पक्कं नाही, कारण तिने ते आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. १७७६ पासून १७८३ पर्यंत वेगवेगळी सालं दिली जातात. तारखांचं आणि बाईचं काय नातं, असं तिने आत्मचरित्रात ठणकावून लिहिलंय. हे वाचून मला आधी जरा आश्चर्य वाटलं. पानोपानी सालं आणि आधार देणारी बाई स्वतःचं साल का लपवते? पण तिचे सुरुवातीचे दिवस वाचले आणि कोडं सुटलं. पदरी पैसा नाही, अंगाने ठेंगणी, खांद्यात थोडा बाक, आणि पोटासाठी लेखणी. अशा मुलीच्या वयाचा हिशेब गाव मांडत असताना तिने तो आपल्या मुठीत ठेवला, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही.

वडील रॉबर्ट ओवेन्सन नट होते. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांतातले, आयरिश भाषेत वाढलेले. खरं आडनाव मॅकओवेन. रंगभूमीवर गेल्यावर त्याचं ओवेन्सन केलं. अर्थ तोच राहिला, ओवेनचा मुलगा, फक्त भाषा बदलली. आई जेन हिल इंग्लंडमधल्या श्रूजबरीची, कडक धार्मिक वळणाची. म्हणजे एका घरात दोन देश. संध्याकाळी वडील आयरिश गाणी म्हणत, त्यांचे अर्थ इंग्रजीतून समजावून सांगत, आणि मुलगी ती ऐकत बसे. आजोबा हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळात पटाईत होते आणि त्या खेळापायीच एका जमीनदार घरातली मुलगी त्यांच्याबरोबर पळून आली, ही कहाणीही तिने वडिलांकडूनच ऐकलेली. त्यातलं किती खरं आणि किती रंगवलेलं, याच्याशी मला कर्तव्य नाही. आपल्या घरांतून आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी आपणही अशाच जपतो.

वडिलांनी डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवरचं संगीतगृह भाड्याने घेऊन तिथे आपलं थिएटर काढलं. हॅन्डेल या संगीतकाराची 'मसाया' ही गाजलेली रचना १७४२ साली पहिल्यांदा गायली गेली तेच हे सभागृह. थिएटर चाललं नाही. मग किलकेनीत दुसरं काढलं, तेही बुडालं. १७८९ मध्ये आई गेली. धाकटी बहीण ऑलिव्हिया आणि ही, दोघी पोरक्यासारख्या. वडील गावोगाव नाटकं करत फिरतायत, मागे देणेकरी. वीस-बावीसच्या वयात सिडनी वेस्टमीथमधल्या एका जमीनदाराकडे मुलींची शिक्षिका म्हणून राहिली. मुली शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात लिहायचं. १८०१ मध्ये कविता छापल्या, दोन वर्षांनी पहिली कादंबरी. पाठोपाठ सोळाव्या शतकातल्या फ्रान्सच्या धर्मयुद्धांवर चार खंडांची ऐतिहासिक कादंबरी.

ती चार खंडांची बाडं घेऊन ती एकटी लंडनला गेली. समुद्र ओलांडायचा, पुढे घोडागाडीचा प्रवास. गाडी लंडनमधल्या एका सराईच्या आवारात थांबली, उतारू पांगले, हिला पुढे कुठे जायचं तेच ठाऊक नव्हतं. गर्दी ओसरेपर्यंत थांबू म्हणून ती आपल्या छोट्या ट्रंकेवर बसली आणि बसल्या बसल्या तिला गाढ झोप लागली. बऱ्याच वेळाने बरोबरच्या एका प्रवाशाचं लक्ष गेलं, त्याने सराईवाल्यांना सांगितलं आणि तिची सोय लागली.

तिच्या आयुष्यातले पुढचे मानसन्मान मी वाचले, पण डोळ्यांपुढे राहिली ती ट्रंकेवर झोपलेली मुलगी. ट्रंकेत कपडे किती असतील कोण जाणे. कागद मात्र होते.

आता त्या तळटिपांच्या कादंबरीकडे येते. 'द वाइल्ड आयरिश गर्ल' १८०६ मध्ये लंडनला निघाली, तीन खंडांत. तिच्या आधीच्या दहा वर्षांत आयर्लंडवर जे गुजरलं ते ध्यानात घ्यायला हवं. इंग्रज सत्तेविरुद्धचा १७९८ चा उठाव रक्तात बुडवला गेला. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनला जोडला गेला, डब्लिनची संसद मिटली, आणि संसदेची ती देखणी इमारत एका बँकेने विकत घेतली. शंभरेक वर्षं जुन्या कायद्यांनी कॅथलिक माणसाला जमिनीवर, शिक्षणावर, पदावर धड हक्क ठेवला नव्हता; त्यातले पुष्कळ आता सैल झाले होते, पण मोठ्या पदांची आणि संसदेची दारं अजून बंदच होती. आयरिश भाषा बोलणारा तो अडाणी, हे तर गृहीतच.

गोष्ट साधी आहे. हॉरेशियो हा एका इंग्रज सरदाराचा उधळ्या मुलगा. बाप त्याला शिक्षा म्हणून कॉनॉटमधल्या जहागिरीवर धाडतो. तिथे समुद्राकाठच्या पडक्या किल्ल्यात इनिसमोरचा म्हातारा राजा आणि त्याची मुलगी ग्लोर्विना राहतात. हॉरेशियोच्या पूर्वजाने सतराव्या शतकात, इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या स्वारीत, ग्लोर्विनाच्या पूर्वजाला मारून जमीन बळकावलेली असते, आणि हे हॉरेशियोला तिथे गेल्यावर कळतं. एका रात्री हार्पचे सूर ऐकत तो भिंतीवर चढतो, भिंत ढासळते, तो पडतो. ज्यांना लुटलं त्यांच्याच घरात त्याची शुश्रूषा होते. खरं नाव लपवून, चित्रकार म्हणून, तो तिथे राहतो. ग्लोर्विना त्याला आयरिश शिकवते, गाणी ऐकवते. ग्लोर्विना हे नाव लेखिकेने घडवलेलं: 'ग्लोर' म्हणजे आवाज आणि 'बिन्न' म्हणजे गोड. शेवटी लग्न होतं, आणि लुटणाऱ्यांचं आणि लुटल्या गेलेल्यांचं घर एक होतं.

हा शेवट मला रुचला नाही. लग्न लावून एवढा जुना हिशेब मिटत नाही, आणि मिटावा असंही नाही. ग्लोर्विनाही कधी कधी माणूस कमी आणि मूर्ती जास्त वाटते. संवाद अलंकारांनी वाकलेले. पण तळटिपांपाशी आलं की लेखिकेचा सूर पार बदलतो. वर वाद्याचं नाव आलं की खाली वाद्याचा इतिहास. वर कुणी दागिना घातला की खाली तसा दागिना कुठल्या दलदलीत सापडला त्याची हकिकत. मेजवानी, अंत्यविधी, कवींचे वंश, गाण्यांच्या चाली, जुन्या पंडितांचे ग्रंथ. शार्लट ब्रुकने १७८९ मध्ये आयरिश कविता गोळा करून छापल्या होत्या, जोसेफ कूपर वॉकरने त्याआधी आयरिश भाटांचा इतिहास लिहिला होता. ती सगळ्यांना साक्षीला बोलावते. स्वतः स्लायगोकडे जाऊन ऐकलेलं, पाहिलेलं सांगते. वडिलांकडून शिकलेल्या चालींचं एक पुस्तकही तिने आदल्याच वर्षी काढलं होतं, कवी टॉमस मूरची सुप्रसिद्ध आयरिश गाणी निघायच्या तीन वर्षं आधी.

एवढ्या तळटिपा का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. कथा अडखळते, वाचणारा वैतागतो, हे तिलाही कळत असणार. पण तिचा वाचक लंडनमध्ये बसलेला होता. आयर्लंड म्हणजे चिखल आणि बंडखोर, यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. वर कादंबरीत तिने काहीही लिहिलं तरी तो म्हणणार, छान कल्पना आहे. खाली पुरावा ठेवला की तसं म्हणायला जागा उरत नाही. कोर्टात कागद मांडावा तसा ती हॅम्पसनला मांडते: हा पाहा, जिवंत आहे, हे त्याचं हार्प, हा त्याला भेटून आलेला माणूस, ही त्याची सही. जेत्यांच्या देशातल्या माणसाला कादंबरी लिहिताना असे कागद जोडावे लागत नाहीत.

पुस्तक धडाक्याने खपलं, दोन वर्षांत सात आवृत्त्या निघाल्या. डब्लिनमधल्या बायका ग्लोर्विनासारखे झगे घालू लागल्या, तिच्यासारखी सोन्याची सुई केसांत खोवू लागल्या. प्रकाशक रिचर्ड फिलिप्स आधी पैशांवरून घासाघीस करत होता. दुसऱ्या एका प्रकाशकाने तीनशे पौंड देऊ केल्यावर त्यालाही तेवढे मोजावे लागले. आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांतून बोलावणी येऊ लागली: या, आणि येताना हार्प आणा. ती गेली, वाजवलं, पण आपल्याला बघायला बोलावलंय हे तिला कळत होतं, आणि ते तिने पुढे लिहूनही ठेवलंय.

वॉल्टर स्कॉटला आपण ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणतो. त्याची 'वेव्हर्ली' १८१४ मधली. तिच्यातही इंग्रज तरुण डोंगराळ परमुलखात जातो आणि हार्प वाजवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. सिडनीची मुलगी त्याच्या आठ वर्षं आधीची. माराया एजवर्थची 'कॅसल रॅकरेंट' तर १८०० ची, आणि तिचे उपकार स्कॉटने मोकळेपणाने मानले. सिडनीचं नाव मात्र असं कुणी फारसं घेत नाही.

१८१४ मध्ये तिचीही एक कादंबरी आली, 'ओ'डोनेल'. तिची प्रस्तावना मी तीन वेळा वाचली. त्या वेळी नात झोपली होती, घर शांत होतं, आणि मला उठून कुणाला तरी ते वाचून दाखवावंसं वाटलं.

तिला लिहायचं होतं ह्यू रो ओ'डोनेलवर. तांबड्या केसांचा ह्यू, सोळाव्या शतकातला सरदारपुत्र. १५८७ मध्ये, कोवळ्या वयात, त्याला फसवून एका जहाजावर नेलं आणि डब्लिनच्या किल्ल्यात कोंडलं. चार वर्षांनी, ऐन हिवाळ्यात, तो निसटला. बर्फातून डोंगर ओलांडताना हिमदंशाने पायाचे अंगठे गेले. पुढे तो इंग्रजांविरुद्ध नऊ वर्षं चाललेल्या युद्धात लढला, १६०१ मध्ये किन्सेलला हरला, मदत मागायला स्पेनला गेला आणि तिथेच १६०२ मध्ये मेला. तिशीही गाठली नव्हती. आग्र्याहून सुटका ऐकत लहानाची मोठी झालेली मी, मला हा नुसता सारांश वाचूनही शहारा आला. ऐतिहासिक कादंबरीकाराला याहून चांगला विषय कुठला मिळणार?

तिने तो लिहायला घेतला, अभ्यास केला, आणि सोडून दिला. प्रस्तावनेत ती सांगते, की जसजशी त्या काळात खोल गेले तसतसं दिसत गेलं की हा पडदा उचलण्यासारखा नाही. शांततेची डहाळी घेऊन पारवा सोडावा असं मनात होतं, आणि हातात पाहिलं तर भांडणाचा बाण. तिने ह्यूला बाजूला ठेवलं आणि त्याच्या कुळातला, जमीन गेलेला, परदेशी सैन्यात चाकरी केलेला एक आजचा ओ'डोनेल घेऊन वेगळीच कादंबरी लिहिली. तिच्यातली नायिका शिक्षिका आहे, लेखिका स्वतः होती तशी.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हणजे सणाचं जेवण. शाळेच्या सुट्टीत एकेक जाडजूड खंड फडशा पाडलेली आमची पिढी. लिहिणाऱ्याने अभ्यास केला आणि मग भीतीने कागद बांधून ठेवले, असं मी कधी ऐकलं नव्हतं. तिला कशाची भीती वाटली असेल? राज्यकर्त्यांची वाटली असेल, पण मला वाटतं त्याहून जास्त आपल्याच वाचकाची. सोळा वर्षांपूर्वीच्या उठावातली प्रेतं ज्यांनी पाहिली ते जिवंत होते. ज्यांची माणसं गेली ते आणि ज्यांनी मारलं ते, दोघं एकाच गावात राहत होते. तिथे दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची राहत नाही. तिने लिहायला हवं होतं असं मला वाटतं, अजूनही वाटतं. पण न लिहिण्याचं कारण लपवलं नाही, पुस्तकाच्या पहिल्याच पानांत छापलं, याबद्दल मला तिच्याविषयी फार आदर आहे.

आणि घरच्या अंगणात जे बोलता आलं नाही ते तिने त्याआधीच, १८११ मध्ये, दूरच्या अंगणात बोलून टाकलं होतं. ते अंगण म्हणजे आपलं गोवं.

'द मिशनरी'. काळ सतरावं शतक. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता, १५८० ते १६४० अशी साठ वर्षं, आणि कादंबरी सुरूच होते ती तिथून: एका गिळल्या गेलेल्या देशापासून. आयर्लंडचं नाव कुठेच नाही, पण पहिलं पान वाचताना दुसरं काही सुचत नाही. हिलेरियन हा राजघराण्याच्या रक्ताचा, फ्रान्सिस्कन संन्यासी झालेला तरुण. हिंदूंना ख्रिस्ती करायला गोव्यात येतो, लाहोरला एका पंडिताकडे शिकतो, आणि काश्मीरात जातो. तिथे त्याला भेटते लक्सिमा. नाव वाचताना मला आपली लक्ष्मीच ऐकू आली. एका थोर ब्राह्मण गुरूची नात, लग्नाआधीच वाग्दत्त वर मेल्यामुळे ब्रह्मचारिणी झालेली, लोक जिला देवीसारखं मानतात अशी.

तो तिला बाटवायला जातो. हळूहळू दोघंही आपापल्या धर्माच्या कडेला येऊन उभे राहतात. तिच्यावर बहिष्कार पडतो, खुद्द आजोबा तिला जातीबाहेर घालतात. दोघं काफिल्याबरोबर गोव्याकडे निघतात. वाटेत त्याचं मोकळं बोलणं ऐकून त्याला इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, ताब्यात दिलं जातं. त्याला जाळायला आणलेल्या दिवशी ती वेड्यासारखी धावत येते. भ्रमात तिला ती चिता आपली वाटते, सती जाण्याची. जमलेले हिंदू ते पाहून पेटून उठतात. त्या धुमश्चक्रीत त्याच्यावर आलेला खंजीर ती आपल्यावर घेते. मरताना तिच्या ओठांवर ख्रिस्ताचं नाव येत नाही, ब्रह्माचं येतं. तो काश्मीरला परततो आणि एकटा राहतो. तो मेल्यावर त्याच्यापाशी सापडतं ते तिच्या रक्षेचं पात्र, रक्ताळलेला क्रूस आणि तिचं जानवं.

बाईच्या गळ्यात जानवं. काश्मीरच्या देवळात रोमन पुजारिणीसारखी बाई. ज्या शहाजाद्याचं लक्सिमावर मन जडतं तो सुलेमान शुकोह, दारा शुकोहचा मुलगा, त्याचा काळही नीट जुळत नाही. ती भारतात कधी आली नाही. बर्निए या फ्रेंच प्रवाशाचं वर्णन आणि ओळखीच्या एका गृहस्थाच्या संग्रहातली पुस्तकं, एवढ्यावर तिने आपला देश उभा केला. लक्सिमा सोसते, सुंदर दिसते, मरते. चिडत कुठेच नाही. मला ती चिडायला हवी होती. इंग्रज कवी शेली मात्र लक्सिमावर इतका लुब्ध झाला, की ती देवदूत आहे असं त्याने मित्राला पत्रात लिहिलं.

पण एका ठिकाणी मी थांबले, आणि ती जागा तळटिपेतलीच. लोकांच्या श्रद्धेला हात लावला की काय होतं हे सांगताना खाली ती १८०६ चं वेल्लोर आणते. पाच वर्षांपूर्वी घडलेलं, तिच्या वाचकांनी वर्तमानपत्रात वाचलेलं. आपला धर्म बुडवतायत या भयाने तिथले शिपाई कंपनीविरुद्ध उठले होते. म्हणजे वर सतरावं शतक आणि पोर्तुगीज, आणि रेघेखाली आजचा काळ आणि इंग्रज. हीच तिची युक्ती. युक्ती हा शब्दही कमी पडतो, तिला दुसरी वाटच नव्हती.

ही कादंबरी तिने अ‍ॅबरकॉर्न नावाच्या सरदार घराण्यात पाहुणी असताना वाचून दाखवली. ऐकायला लॉर्ड कॅसलरे होता. आयर्लंडची संसद मिटवण्यात ज्याचा सगळ्यात मोठा हात, तोच. त्याला ती इतकी आवडली, की त्याने आपल्या अभ्यासिकेत प्रकाशकाला बोलावून व्यवहार घडवून आणला. चारशे पौंडांचा. त्याने वेल्लोरची तळटीप ऐकली असेल का, याचा विचार मी पुष्कळ केला.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये बसलं आणि १८१२ मध्ये उठलं. मधली चार वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं. म्हणजे हे पुस्तक छापलं गेलं तेव्हा ते चालूच होतं. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळ ज्या वाड्यात ते न्यायालय होतं त्याला लोक 'व्हडलें घर' म्हणत. मोठं घर. तिथे मी दोनदा गेले आहे. आता मोकळी जागा आणि हिरवळ आहे.

माझ्या आजीचं माहेर सावंतवाडीचं, कुलदैवत मंगेशी. आजी एकच वाक्य सांगायची: "देव रातचो व्हेलो. दिवो नाय, बाजो नाय." कुठून नेला, कोणी नेला, कशासाठी, काही नाही. आम्ही विचारायचो, ती म्हणायची, तेव्हा असं होतं. पुढे मोठेपणी कळलं की मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीला, आणि १५६० च्या सुमारास देऊळ पडणार हे दिसल्यावर भक्तांनी लिंग नदीपलीकडे प्रियोळला नेलं, जिथे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आजीला सालं माहीत नव्हती. तिच्याकडे फक्त अंधार होता आणि वाजंत्री नसल्याची खंत. साडेतीनशे-चारशे वर्षं ती खंत एका बाईकडून दुसरीकडे आली होती.

डब्लिनमधल्या त्या खोलीत, एका आयरिश बाईच्या पुस्तकात, गोव्याच्या चौकात धावत येणारी लक्सिमा वाचताना मला आजी आठवली. लक्सिमा तिच्यासारखी मुळीच नाही. आजी काळी, ठसठशीत, नऊवारीतली, कामाला वाघ. पण ज्या लेखिकेने कधी कुठ्ठाळी पाहिलं नाही, तिला देव रात्री का न्यावा लागतो हे ठाऊक होतं. तिच्या कॉनॉटमधल्या माणसांनीही बंदीच्या काळात रानातल्या दगडांवर आडोशाला प्रार्थना केल्या होत्या.

पुढचं आयुष्य मी भराभर वाचलं. १८१२ मध्ये अ‍ॅबरकॉर्नांच्या घरातले डॉक्टर चार्ल्स मॉर्गन यांच्याशी लग्न. त्यांना सर किताब मिळाला होता, म्हणून ही लेडी. मग किल्डेअर स्ट्रीटचं घर, तिथल्या बैठकी. १८१७ मध्ये फ्रान्सवर पुस्तक लिहिलं आणि जॉन विल्सन क्रोकरने 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त तिच्यावर आरोपांची यादीच छापली: बडबड, अज्ञान, खोटेपणा, स्वैरपणा, अधर्म. हा आयर्लंडचाच गृहस्थ, आणि वय काढण्यातही पुढे. पुढच्याच वर्षी तिने कादंबरीत त्याच्यासारखा एक माणूस उभा केला आणि त्याचे वाभाडे काढले. इटलीवरचं पुस्तक बायरनला आवडलं, ऑस्ट्रियाच्या राज्यात त्यावर बंदी आली. १८३७ मध्ये वर्षाला तीनशे पौंडांचं सरकारी निवृत्तिवेतन मिळालं, लेखनासाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

त्या आधी, १८२७ मध्ये, 'द ओ'ब्रायन्स अँड द ओ'फ्लाहर्टीज' आली. माझ्या मते हीच तिची सगळ्यात ताकदीची कादंबरी. हिच्यात ती उठावाकडे नेणाऱ्या वर्षांवर सरळ लिहिते, बंडखोर तरुणांच्या संघटनेसकट. ह्यूला बाजूला ठेवून तेरा वर्षं झाली होती. जखमेला खपली धरायला तेवढा वेळ लागला असावा, किंवा तिचीच भीती गेली असावी.

उतारवयात ती लंडनला राहायला गेली. पती १८४३ मध्ये वारले. नजर अधू झाली होती. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थान पेटला, आणि ही सत्तरीपुढची म्हातारी शेहेचाळीस वर्षांपूर्वीचं आपलं पुस्तक पुन्हा हातात घेऊन बसली. 'द मिशनरी' सुधारून 'लक्सिमा' या नावाने १८५९ मध्ये निघालं. पूर्वीच्या नावात तो होता, आताच्या नावात ती. त्याच वर्षी १४ एप्रिलला लेडी मॉर्गन गेली. ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर हार्प कोरलेलं आहे.

निघायच्या आदल्या रात्री लेकीने नातीसाठी घेतलेली वही मला दिली. आजीने काहीतरी लिहायचं असतं म्हणे. मी वर मधोमध लिहिलं: "देव रातचो व्हेलो. दिवो नाय, बाजो नाय." मग खाली पट्टीने एक रेघ मारली, आणि रेघेखाली, मावेल तेवढ्या बारीक अक्षरात, कुठ्ठाळीपासून सुरुवात केली.